बोटीला ब्रेक नसतो

आमच्या दादाच्या पायाला स्वतःचं डोकं आहे. म्हणजे उजव्या पायाला. दादा जेवत असो, टीव्ही बघत असो की खुर्चीत डुलक्या काढत असो, डोळ्यासमोर काही पुढे सरकताना दिसलं की तो पाय आपला आपण खाली दाबला जातो. बाजारात वहिनी सामानाची ढकलगाडी घेऊन पुढे चालली असेल तर हा मागून पाय दाबतो. सिनेमात गाड्यांचा पाठलाग सुरू झाला तेव्हा तर असा दाबला की पुढच्या बाईंची पर्स तीन रांगा पुढे गेली. मी कपाळावर हात मारून घेतला आणि माझा याच्याशी काही संबंध नाही असा चेहरा करून बसले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचा जन्म गेला लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात. शिकाऊ गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो आणि एक जादा क्लच. शिकणारा गडबडला की शिक्षकाने ते दाबायचे. दादाने ते इतके दाबले की त्याच्या बाजूची पायपुसणी गाडीला दरवर्षी नवी लागते. शिकणाऱ्याच्या बाजूची मात्र वर्षानुवर्षं तीच आहे. यावरून काय ते समजा.

त्याचं ऑफिस म्हणजे एका गाळ्यातली अर्धी खोली. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, एक टेबल, एक चिरलेली प्लॅस्टिकची खुर्ची. चिरेत बसणाऱ्याची मांडी हमखास चिमटते, पण खुर्ची बदलायची नाही. तिथे बसून दादा खेळण्यातल्या दोन गाड्या पुढेमागे करत गाडी मागे कशी घ्यायची ते समजावून सांगतो. पोरं त्याला समोर ‘सर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘ब्रेकसर’. त्याला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

त्याला मुलगी एकच. आम्ही तिला बारकी म्हणतो. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, खांदे पोहणाऱ्या माणसासारखे झालेत, तरी बारकीच. ही ऑफिसात बसेल, मग गाडी शिकवेल, मग ऑफिसची पाटी तिच्या नावावर होईल, असं सगळं दादाने ती शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. फक्त तिला विचारायचं राहून गेलं होतं. बारकीने काय केलं, तर गावाबाहेर नदीकाठी जे निसर्ग केंद्र आहे तिथे जाऊन बोट चालवायला लागली. लोकांना बोटीतून न्यायचं, पक्षी दाखवायचे, कासवं दाखवायची, आणि नशीब असेल तर पाणमांजरं दाखवायची. नोकरी तात्पुरती. कायम होईल की नाही ते केंद्राच्या मॅडम ठरवणार होत्या.

घरात यावरून जे रामायण झालं ते मी सांगत बसत नाही. शेवटी तह झाला. मॅडमनी कायम केलं तर बारकी तिथे राहणार. नाही केलं तर मुकाट्याने येऊन चिरलेल्या खुर्चीत बसणार. दादा लगेच कबूल झाला. इतका लगेच की मला तेव्हाच संशय आला.

मॅडमनी बारकीला अडचण स्पष्ट सांगितली होती. “तुला नदी कळते, प्राणी कळतात, हात पक्का आहे. पण तुला माणसांना ‘नाही’ म्हणता येत नाही. परवा तो गृहस्थ फोटो काढायला बोटीत उभा राहिला आणि तू त्याला काय म्हणालीस? ‘जमलं तर बसता का?’ जमलं तर! बोट उलटली असती म्हणजे? रविवारी मी स्वतः बोटीत बसणार आहे. बघू.”

हे बारकीने घरी येऊन सांगितलं आणि दादा म्हणाला, “मीही येतो रविवारी.”

झालं. बारकीच्या तोंडचं पाणी पळालं. वहिनीने मला दवाखान्यात फोन केला. मी डॉक्टरांकडे बाहेरच्या खोलीत बसते, पेशंटना नंबर देते आणि ‘माझा नंबर आधी होता’ म्हणून भांडणाऱ्यांना जागेवर बसवते. त्यामुळे घरात कुणाला जागेवर बसवायचं असलं की माझीच आठवण होते.

“वन्सं,” वहिनी म्हणाली, “तुम्ही जा यांच्याबरोबर. मी गेले तर तिथेच आमचं जुंपेल. तुम्हाला जरा तरी घाबरतात.”

“मला? तो?” मी म्हटलं. पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. बस होती म्हणून बरं. दादा मुद्दाम मागच्या सीटवर बसला, ड्रायव्हर दिसू नये म्हणून. तरी प्रत्येक वळणावर त्याचा पाय माझ्या चपलेवर येत होता. केंद्रावर उतरलो तेव्हा माझा अंगठा लाल झाला होता.

केंद्र छान आहे हो. एक बसकी लाकडी इमारत, आत भिंतीवर नदीचा मोठा नकाशा, काचेच्या कपाटात गळून पडलेली पिसं आणि रिकामी घरटी. काठावर एक लाकडी खोली, तिच्या भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर फटी. फटीतून बघायचं आणि गप्प बसायचं. दादाने फटीतून पाहिलं. समोर चिखलात एक राखी बगळा एका पायावर उभा होता.

“काय करतोय हा?” दादाने विचारलं.

“उभा आहे,” मी म्हटलं.

“ते दिसतंय. कधीपासून?”

“मला काय ठाऊक! जा, विचारून ये.”

दादा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “रहदारीला काही अडथळा नाही त्याचा,” आणि बगळ्याला पास केल्यासारखी मान हलवली.

बोटीपाशी बारकी उभी होती. अंगात केंद्राचा हिरवा शर्ट, हातात तिच्या दीडपट लांब काठी. बोट चपट्या बुडाची होती. मागे उभं राहून काठी तळाला टेकवायची आणि ढकलायचं, म्हणजे आवाज होत नाही. बारकीचा चेहरा परीक्षेच्या हॉलबाहेर असायचा तसाच झाला होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दादाने तिच्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले, मग स्वतःचे, मग माझे, मग परत तिचे.

“बाबा, पुरे,” ती हळूच म्हणाली.

“मी काही बोललो का? मी आज एक अक्षर बोलणार नाही.”

आणि हे मात्र खरं. सगळा घोळ होईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. जे काही केलं ते पायाने केलं.

बोटीत आमच्याखेरीज एक नवराबायको होते, गळ्यात दुर्बिणी घातलेले. ते गेले कित्येक रविवार पाणमांजर बघायला येत होते आणि दर वेळी हात हलवत परत जात होते. मॅडम मधल्या फळीवर बसल्या, हात मांडीवर, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. बारकीने नियम सांगितले. बोलायचं नाही, उभं राहायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही. आणि ऐकलं नाही तर वाटेत मधला धक्का आहे, तिथे उतरवलं जाईल. हे शेवटचं तिने इतक्या हळू सांगितलं की दुर्बीणवाल्या बाईंनी नवऱ्याला विचारलं, “काय म्हणाली?” मॅडमच्या भुवया जरा वर गेल्या.

निघालो. आणि काय सांगू, माझी भाची चालवत होती हो बोट! मी तिला काठी धरलेली पहिल्यांदाच बघत होते. काठी पाण्यात जायची, वाकायची, वर यायची, आणि आम्ही सरकत होतो. काठावर कासवं एकाच ओंडक्यावर दाटीवाटीने उन्हाला बसली होती, आमच्या दवाखान्यातल्या बाकावर पेशंट बसतात तशी. त्यांना नंबर द्यायला मात्र कुणी नव्हतं. पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. बारकी नुसतं बोट दाखवायची आणि आम्ही सगळे तिकडे बघायचो. मला अभिमानाने भरून आलं. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण बोलायची बंदी.

वळणावर बोट काठाच्या जरा जवळ गेली आणि धप्प! दादाचा पाय. पाणकावळा उडाला. बारकीने बापाकडे पाहिलं. दादाने पायाकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मी त्याला कोपराने ढोसलं. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

मग तो झुडपांचा पट्टा आला. एक मोठं झाड पाण्यात आडवं पडलेलं, आणि त्या खोडावर, अहो, खरोखर, पाणमांजरं! आई आणि तिची दोन पिल्लं. आई मासा खात होती, कचाकचा, तोंड उघडं टाकून, आमच्या घरी कुणी असं खाल्लं असतं तर वहिनीने फटका दिला असता. पिल्लं तिच्या शेपटीवरून घसरत होती, परत चढत होती, परत घसरत होती. दुर्बीणवाले गृहस्थ दुर्बीण डोळ्याला लावायचीच विसरले. त्यांच्या बायकोने त्यांचा हात घट्ट धरला होता. कुणी श्वाससुद्धा मोठा घेत नव्हतं. बारकी काठी न रोवता, नुसत्या पाण्याच्या ओढीवर बोट पुढे जाऊ देत होती, हळू, अगदी हळू.

पुढे पाण्यातून एक खुंट वर आला होता. बोटीच्या रेषेत. मी तो पाहिला. दादाने तो पाहिला. मी त्याचा गुडघा धरायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. दादाने ब्रेक दाबला. नुसता ब्रेक नाही, क्लचसकट, दोन्ही पायांनी, जसं शिकवतो तसं.

पोकळ बोट ती. असा दणका बसला की पलीकडच्या काठावरचेही पक्षी उडाले. पाणमांजरं टुपूक, टुपूक, टुपूक पाण्यात. मासा खोडावर तसाच राहिला.

“पुढे खुंट होता,” दादा म्हणाला. आता बोलायला हरकत नव्हती, ऐकायला कुणी उरलंच नव्हतं.

बारकीची काठी त्या खुंटाला कधीच टेकलेली होती. तिने तो आमच्या सगळ्यांच्या आधी पाहिला होता. बोट त्याच्या बाजूने लोण्यातून सुरी जावी तशी निघून गेली.

दुर्बीणवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मॅडम वळून बारकीकडे बघत बसल्या. मला वाटलं, संपलं सगळं. पोरीच्या नोकरीवर बापानेच दोन्ही पाय दिले.

बारकी लालबुंद झाली होती. मला माहीत होतं आता काय होणार. ती म्हणेल, ‘असू दे बाबा, होतं असं कधीकधी.’ लहानपणापासून ती हेच म्हणत आलीय. तिने काठी रोवली, बोट वळवली आणि मधल्या धक्क्याला लावली.

“बाबा, उतरा.”

“अगं, खुंट होता म्हणून मी...”

“मी पाहिला होता. उतरा.”

“इथे? मधेच?”

“नियम सांगितला होता मी. या बोटीत माझं ऐकायचं. उतरा, बाबा.”

दादाने मॅडमकडे पाहिलं. मॅडम आभाळाकडे बघत होत्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो उठला, धक्क्यावर पाय ठेवला आणि उतरला. शिकणाऱ्याला परीक्षेत नापास करतात तेव्हा तो गाडीतून जसा उतरतो ना, दार हळू लावून, तसा. इथे लावायला दार नव्हतं, म्हणून हात तसाच हवेत राहिला.

मलाही त्याचा राग आवरेना, पण त्याला एकटं सोडवेना. “मीही उतरते,” मी म्हटलं.

“आत्या, तू बस. तू काही केलं नाहीस.”

“भाऊ आहे माझा. मूर्ख आहे, पण माझा आहे,” असं म्हणून मी उतरले. बारकीने काठी ढकलली आणि बोट गेली.

धक्क्यावर एक बाकडं होतं. बसलो. मी लगेच सुरू झाले. इतका वेळ तोंड बंद ठेवून माझ्या गळ्यात सगळं साचलं होतं.

“मुद्दाम केलंस ना? खरं सांग. तिला त्या खुर्चीत आणून बसवायचंय तुला. म्हणूनच आलास तू. लाज वाटते का जरा? पोटची पोर आहे!”

त्याने भांडावं म्हणून मी वाट बघितली. तो भांडेना. शेवटी मीच थांबले. मला असं एकटीला भांडता येत नाही.

“मुद्दाम नाही गं,” तो म्हणाला. “आईशपथ मुद्दाम नाही.”

लव्हाळ्यावर एक खंड्या येऊन बसला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. तो दगडासारखा पाण्यात पडला, मासा घेऊन वर आला आणि झटकन उजवीकडे वळला.

“सिग्नल दिला नाही,” दादा म्हणाला. पण नेहमीच्या आवाजात नाही.

मग म्हणाला, “आजवर किती जणांची पोरं माझ्या शेजारी बसून शिकली. कुणाची पोर कुठे जाऊन आपटेल याची भीती मला कधी वाटली नाही. का? माझ्या पायाखाली ब्रेक होता. आता ही माझी. आणि ही जाऊन बसली पाण्यात. बोटीला ब्रेक नसतो गं. मी काल रात्रभर तोच विचार करत होतो. बोट थांबवायची कशी?”

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी त्याचा हात धरला. घामाने ओला होता. आमच्या दादाला पोहता येत नाही, हे मी विसरूनच गेले होते. मांडीभर पाण्यात उतरायचं म्हटलं तरी तो चप्पल हरवल्याची सबब सांगतो. आणि तो आज बोटीत बसला होता.

“मला सांगायचंस तरी,” मी म्हटलं.

“तू दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं असतंस.”

तेही खरंच.

बोट परत आली ती बऱ्याच वेळाने. बारकीने ती धक्क्याला लावली आणि दोर धरून खाली वाकली. मॅडम म्हणाल्या, “सर, ही आमच्याकडे राहतेय. कायम. तुम्हाला मात्र आम्ही कायम करू शकत नाही.” दुर्बीणवाले हसले. दादाही हसला, पण त्याचं लक्ष बारकीकडे होतं.

“बसा, बाबा,” ती म्हणाली. “परत जाऊ.”

“बसू?”

ती थांबली. तिला ‘हो’ म्हणायचं होतं, मला दिसत होतं. मग ती म्हणाली, “तुम्ही बोटीत असलात ना बाबा, की मी नदीकडे बघतच नाही. तुमच्या पायाकडे बघते. मला पाण्याची भीती नाही वाटत. तुम्ही घाबराल याची वाटते. आत्ता तुम्ही नव्हता तर पाणमांजरं परत आली. आणि मी घाबरले नाही.”

तिने हे इतक्या सरळ सांगितलं की कुणालाच कुठे बघावं कळेना. दादाच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो गेला, मग काय आलं ते मला ओळखता येईना.

“काठाने वाट आहे का केंद्रापर्यंत?” त्याने विचारलं.

“आहे. पण लांब पडेल.”

“पडू दे. मी चालत येतो. ने तू बोट.”

बारकीने काठी ढकलली. आम्ही काठाने चालू लागलो. सुरुवातीला बोट आमच्याबरोबर होती. मग दादा जोरात चालू लागला, मग आणखी जोरात, आणि त्या वयात, त्या पोटाने, धावायच्या बेताला आला. मी मागून ओरडले, “दादा, थांब! पडशील!” तो थांबला. धापा टाकत उभा राहिला. बोट झाडांच्या मागे वळली आणि दिसेनाशी झाली.

“गेली?” त्याने विचारलं.

“गेली.”

“आपटली वगैरे नाही?”

“नाही रे.”

तो तसाच पाण्याकडे बघत राहिला. नुसतं पाणी होतं.

“मला वाटायचं, मी शेजारी असतो म्हणून शिकतात सगळे,” तो म्हणाला. “माझ्याशिवाय चांगली चालवते गं ती.”

“हो,” मी म्हटलं. “चांगली चालवते.”

मग त्याने बाहीने डोळे पुसले, आणि आम्ही सावकाश केंद्राकडे निघालो.